धुऱ्यावरचा तरवड : लागवडीच्या नोंदी

२२ जानेवारी २०२३

जागा: मराठवाड्यातला कळंब तालुका, आमचं तीस गुंठ्यांचं बरड. भावकीच्या वाटण्यांत ही लांबट पट्टीच वाट्याला आली. वर वीतभर माती, खाली सरळ मुरूम. उत्तरेचा धुरा, म्हणजे बांध, सहाशे फूट भरतो, त्यावर तरवड लावायचा आहे, पिवळ्या फुलांचं रानझुडूप. काय जगलं, काय मेलं ते दुकानाच्या वहीत उलट्या बाजूने लिहीत जाणार. सुलट्या बाजूला रिवायंडिंगला आलेल्या पाण्याच्या मोटारींचा हिशोब आहे.

निमित्त आईचं. मागच्या नवरात्रात पाचव्या माळेला तिला तरवड मिळाला नाही. झेंडू होता, कारळ्याची फुलं होती. तिने माळ घातली, पण दिवसभर कुणाशी बोलली नाही. आमच्या लहानपणी घटासाठी फुलं 'आणायला जाणं' असं काही नव्हतंच. रानातून येता येता ओच्यात ओंजळभर तोडली की झालं. आता निम्मे धुरे जेसीबीने कोरून रानात घेतले, उरले त्यांवर तणनाशक. दसऱ्याच्या आधी धुरा पिवळा दिसला तर तो फुलांनी नाही, जळलेल्या गवताने.

माझं स्वतःचंही एक कारण आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात मोटारी ठेवायला जागा नव्हती. सगळ्या कोरड्या बोअरमध्ये चालून जळालेल्या. त्याच मे महिन्यात येरमाळ्याच्या डोंगराला गेलो होतो. उतारावर हिरवं म्हणून फक्त तरवड उभा होता, आणि त्यावर थोडी फुलंसुद्धा होती. ते तेव्हा नुसतं बघितलं आणि खाली उतरलो.

आईला सांगितलं तर ती हसली. "आरं, तरवड कुणी लावतंय व्हय? त्यो आपसूक येतो."

"येत न्हाई म्हणून तर लावायलाव."

आज त्याच डोंगराच्या पायथ्याच्या झुडपांवरून दीड पिशवी शेंगा आणल्या. चपट्या, कागदासारख्या, वाळून तपकिरी झालेल्या. हलवल्या की खुळखुळतात. प्रत्येक झुडपावर निम्म्या सोडल्या.

२९ जानेवारी २०२३

शेंगा फोडल्या. एकेका शेंगेत दहा-बारा दाणे, प्रत्येकाला वेगळा कप्पा. दाण्याला मधोमध गोल, स्वच्छ भोक असेल तर तो गेला. भुंगेरा आत वाढून बाहेर पडलेला असतो, तुरीच्या डाळीला लागतो तसलाच प्रकार. पाव-एक दाणे असे पोकळ निघाले. आईने सुपात घेऊन पाखडले, हलके आपोआप पुढे सरकले. मी एकेक निवडत बसलो होतो, तिचं पाच मिनिटांत झालं.

१२ फेब्रुवारी २०२३

दाणा कठीण आहे. रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी होता तसाच. वरचं टरफल पाणी आत घेतच नाही. निसर्गात हे काम उन्हातान्हाने, मुरमावर घासून, सडून, वर्षा-दोन वर्षांत होत असणार. मला तेवढी सवड नाही. पन्नास-पन्नास दाण्यांचे चार गट केले:

पहिला तसाच पेरला. दुसऱ्यावर उकळतं पाणी ओतून ते गार होईपर्यंत रात्रभर ठेवला. तिसरा दुकानातल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासला, एका बाजूची चकाकी जाऊन आतला फिकट रंग दिसेपर्यंतच. चौथा मी गॅसवर दहा मिनिटं उकळला. का, ते विचारू नका. वाटलं की गरम पाण्याने होतं तर आणखी गरम पाण्याने आणखी होईल.

२६ फेब्रुवारी २०२३

पहिला गट: ४ उगवले. दुसरा: २७. तिसरा: ४१. चौथा: शून्य, आणि वाटीतल्या पाण्याला शिजवलेल्या हुलग्यासारखा वास.

घासलेला दाणा पाण्यात टाकला की सकाळपर्यंत फुगून दुप्पट होतो. फुगला नाही तो पुन्हा घासायचा. एवढं कळायला चौदा दिवस लागले. पण पूर्ण प्रकल्पात पहिल्याच झटक्यात बरोबर आलेली गोष्ट हीच, म्हणून ठळक लिहून ठेवतो. उगवलेली ७२ आणि नंतर घासून लावलेली, अशी मिळून ११८ रोपं पिशव्यांत आहेत. निम्मी माती, निम्मं शेणखत.

१२ मार्च २०२३

घाई केली. एका रोपवाटिकेत 'तरवड' अशी पाटी दिसली म्हणून पंधरा रुपयाला एक अशी वीस रोपं उचलली. आयतीच हातभर उंच.

आईने एक रोप हातात घेतलं, पान उलटं केलं, देठाच्या बुडाशी बोट फिरवलं. "ह्येला कान कुठायत?"

तरवडाच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी, फांदीला चिकटून, दोन गोलसर पसरट पानोळ्या असतात. खरोखर कानाच्या पाळीसारख्या. मी इतक्या वर्षांत कधी बघितल्या नव्हत्या. रात्री मोबाइलवर शोधलं. लिनियसने १७५३ साली या झुडपाला नाव दिलं तेच 'ऑरिक्युलाटा', म्हणजे कानवाला. तेव्हा ते कॅशियात होतं, आता सेन्नात धरतात, पण कान तसेच राहिले. स्वीडनच्या पंडिताने आणि कधी शाळेत न गेलेल्या माझ्या आईने एकच खूण धरली.

आणलेली रोपं कासोदाची निघाली. रस्त्याकडेला लावतात तो, आग्नेय आशियातला. फूल पिवळंच, घराणंही तेच, पण तो मोठा वृक्ष होतो आणि घटाच्या माळेला त्याला कुणी विचारत नाही. रोपवाटिकेत परत घेऊन गेलो तर म्हणाले, पिवळं फूल येतं ना, मग झालं. वीस रोपं शाळेच्या मैदानाकडेला देऊन टाकली. सावलीला वाईट नाही.

१६ एप्रिल २०२३

११८ पैकी ७९ गेली.

सकाळ-संध्याकाळ पाणी देत होतो. वर शेडनेट लावलं होतं. रोपं आधी पोपटी झाली, मग जमिनीलगत देठ काळा पडून बारीक झाला आणि ती एकेक करून आडवी पडली. वाळली म्हणून आणखी पाणी घातलं.

आईचं निदान एका वाक्यात: "पाणी घालू घालू मारलास की."

मेलेल्या पिशव्या फाडून बघितल्या. सोटमूळ खाली पिशवीच्या तळाला टेकून गोल गोल फिरलेलं, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं. तीन इंचांचं रोप आणि हातभर मूळ. ज्याला पहिल्या महिन्यात खाली जायचं असतं त्याला मी सहा इंचांची पिशवी दिली, वर शेणखताची मऊ गादी. जगलेली ३९ आहेत, पण त्यांची मुळंही अशीच वेटोळी झाली असणार. ती लावीन, पण भरवसा नाही.

उरलेले दाणे चांगले आहेत, डब्यात राखेत ठेवलेत. पाऊस पडला की थेट धुऱ्यावरच टोकायचे.

२८ जून २०२३

मृग कोरडा गेला. पाऊस आत्ता कुठे आला, तोही उद्या आषाढी असताना.

आज टोकणी. दर चार फुटांवर एक जागा, एकूण १५०. पहारीने मुरमात हातभर खोल भोक हाणायचं, त्यात तिथलीच बारीक माती परत सोडायची. म्हणजे मुळाला वाट मोकळी होते, पण खत-बित काही नाही. वर तीन घासलेले दाणे, नखाएवढ्या खोलीवर. उताराच्या बाजूला पाच-सहा दगडांची चंद्रकोर, पाणी थबकावं म्हणून. धाकटी लेक दाणे टाकत होती, मी पहार. शंभराव्या जागेनंतर माझ्या तळहाताला फोड आले. मोटारीची वायर गुंडाळणारे हात, पहारीची सवय नाही.

पिशवीतली ३९ पश्चिमेच्या कोपऱ्यात वेगळी लावली.

शेजारच्या रानातले तात्या थांबले. कशाची लागण म्हणून विचारलं. तरवड म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या मोटेचं कातडं तरवडाच्या सालीत कमावलेलं असायचं. साल कुटून पाण्यात भिजवायची, त्यात कातडं आठवडेच्या आठवडे. तशी मोट पाण्यात कुजत नसे. मी पाण्याच्या मोटारींवर पोट भरणारा माणूस. आमच्या धंद्याचा आजा तरवडाच्या सालीवर चालत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

३० ऑगस्ट २०२३

अख्खा ऑगस्ट कोरडा. पेपरात आहे की १९०१पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नाही. सोयाबीन फुलोऱ्यात करपलं. वहीच्या सुलट्या बाजूला २०१६सारखी रांग लागली आहे.

तरवड: १५० जागांपैकी ८८ ठिकाणी उगवण झाली होती, आज ६१ ठिकाणी जिवंत. पिशवीतली ३९ लावली होती त्यातली ५ उरली. थेट टोकलेली बोटभर उंच आहेत, पण ताठ. दुपारी पानाच्या जोड्या मिटून घेतात आणि संध्याकाळी उघडतात.

टँकर सांगू का म्हणून आईला विचारलं. "माणसाला पाणी न्हाई आन् तू तरवडाला टँकर सांगतोस? सोड त्येला त्येच्या जिवावर."

नाही सांगितला. पण रात्री दोन घागरी पाणी नेऊन कोपऱ्यातल्या पाच रोपांना घातलं, हेही लिहिलं पाहिजे. (ती पाचही पुढे गेली. पुढच्या नोंदीत नाहीत.)

१५ ऑक्टोबर २०२३

घटस्थापना. रोपं गुडघ्याच्याही खाली, फुलाचा प्रश्नच नाही. माळेसाठी मोटारसायकलवर येरमाळ्याकडे. तिथेही या वर्षी फूल विरळ.

देगलूरकडचा एक गिऱ्हाईक दुकानात होता, त्याला पिशवीतली फुलं दिसली. म्हणाला, आमच्याकडे पलीकडची माणसं याला तंगेडू म्हणतात, बतुकम्माच्या सणाला लागतंच. तेलंगणाने ते राज्यफूल केलं आहे. आपलं राज्यफूल ताम्हण. ताम्हण सुंदरच, त्याबद्दल तक्रार नाही, पण मराठवाड्याच्या माळावर तो मी कधी आपसूक उगवलेला बघितला नाही.

११ फेब्रुवारी २०२४

४४ जिवंत. शेळ्यांचा कळप धुऱ्यावरून गेला. एका शेळीने शेंडा खुडला, दोनदा चघळला आणि टाकून दिला. हेच या झुडपाचं काटेरी कुंपण. बोरीला काटे आहेत, याला चव आहे.

१९ मे २०२४

आईचं माळवद, म्हणजे घराचं मातीचं छत, उतरवलं. पावसाळ्यात गळत होतं, दरवर्षी पांढरी माती टाकायला माणूस मिळत नाही. भाऊ म्हणाला स्लॅब टाकू. पाडताना बाभळीच्या दोन तुळया निघाल्या, त्यांना खालच्या अंगाने अंगठ्याएवढी गोल भोकं. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी त्या भोकांतून मोठा काळा भुंगा घुं करत यायचा-जायचा आणि भुसा खाटेवर पडायचा. आई त्याला कधी हाकलत नसे.

भंगारवाला तुळया जळणात घ्यायला तयार होता. का कोण जाणे, मी त्या ट्रॅक्टरवर घालून धुऱ्यावर नेऊन टाकल्या, दोन दगडांवर आडव्या, जमिनीला न टेकता. बसायला होतील.

तरवड ४१. उंच कंबरेला आलेत. ४१ अंशांत हिरवे.

१४ जुलै २०२४

कोवळ्या पानांवर तांदळाच्या कणीसारखी उभी, बारीक अंडी. पानागणिक एकच. घालणारं फुलपाखरू पांढरट, किंचित हिरवी झाक, पंख मिटले की खाली राखी ठिपके. इंग्रजीत मॉटल्ड एमिग्रंट. बसतं क्षणभर, शेपूट वाकवतं, उडतं. दुसरी लहान पिवळी फुलपाखरंही आहेत, गवतालगत उडणारी, तीही इथेच घिरट्या घालतात.

२५ जुलै २०२४

बारा-तेरा झुडपांचे शेंडे साफ. अळी पानाच्या रंगाचीच हिरवी, कडेने फिकट रेघ आणि तिच्यावर काळे बारीक ठिपके. पानाच्या शिरेवर आडवी पडली की शोधावी लागते. धाकटीने एका झुडपावर २६ मोजल्या.

तात्यांनी पंप भरून आणला होता, आपुलकीनेच. सोयाबीनवर मारून उरलेलं औषध. "दोन फवारे मारू, न्हाईतर संपलं तुझं." मला धड नाही म्हणता येईना. दीड वर्ष एकेक पान मोजलेलं आणि आता डोळ्यांदेखत चरलं जातंय. मी गप्प उभा राहिलो. मग धाकटीच म्हणाली, "आजोबा, ती फुलपाखरं हायत."

तात्या हसले, पंप परत घेऊन गेले.

८ ऑगस्ट २०२४

खाल्लेल्या शेंड्यांखालून दोन-दोन नवे फुटवे आले. चार सातभाई पक्षी सकाळी झुडपांत शिरून अळ्या वेचतात, भांडत भांडत. हिरवे टोकदार कोष तीन सापडले, दोन रिकामे.

पानाच्या दांड्यावर, पानांच्या प्रत्येक जोडीमध्ये टाचणीएवढी उभी गाठ असते. तिच्यातून गोड रस पाझरतो आणि मुंगळे ती चाटायला चढतात. मुंगळा असला की अळीला त्रास. म्हणजे झाडाने राखणदार पगारी ठेवलेत, पण फुलपाखरू तरी अंडी घालून जातंच.

४ सप्टेंबर २०२४

पोळ्याच्या आसपास दोन दिवस धो धो. परभणी, हिंगोली, नांदेडकडे फार नुकसान झालं. आमच्याकडे धुऱ्याच्या खालच्या टोकाला चार दिवस पाणी साचलं, तिथली ६ झुडपं पिवळी पडून गेली. कोरड्याला न मेलेली ओल्याने मेली. एक उपटून बघितलं. कृषी सेवा केंद्रात एकाने सांगितलं होतं की शेंगवर्गीय आहे, मुळांवर गाठी असतील, रानाला नत्र मिळेल. शेजारच्या सोयाबीनच्या मुळावर गाठीच गाठी. तरवडाच्या मुळावर एक नाही. सेन्नाच्या बहुतेक जातींना नसतात, हे मग कळलं.

शिल्लक ३५.

३ ऑक्टोबर २०२४

घटस्थापना, आणि ११ झुडपांवर फुलं.

आई स्वतः धुऱ्यावर आली. चपला खाली काढल्या. पहिल्या झुडपाशी उभी राहिली आणि तोडेना. मग प्रत्येक घोसातली वरची दोन-तीनच तोडली, ओच्यात घेतली. मी म्हटलं, सगळी घे, तुझ्याचसाठी लावलीत. म्हणाली, "समदी घेतल्यावर बी कशाचं धरायचं?"

पहिली माळ धुऱ्यावरच्या तरवडाची. दुसऱ्या माळेला गल्लीतल्या दोघी विचारायला आल्या, आणि तिथून कटकट सुरू. नऊ दिवसांत फूल पुरवायचं की शेंग धरायची? आईने स्वतःच नियम लावला: एका फांदीवर दोन घोस हात न लावता सोडायचे. कुणी मोडला तर ती ओरडायची, देवीचं फूल असो नाहीतर कुणाचं.

२४ नोव्हेंबर २०२४

सोडलेल्या घोसांवरही शेंगा थोड्याच. एवढी फुलं उमलली आणि गळाली.

रविवारी सकाळी दोन तास बसून बघितलं. फुलात दहा केसर. वरचे तीन नावापुरते, मधले आखूड आणि खालचे मोठे, आकड्यासारखे वाकलेले. परागाची पिशवी इतर फुलांसारखी उकलत नाही. टोकाला बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं. आणि फुलात मध अजिबात नाही. पोळ्याच्या माश्या येतात, पाकळीवर सांडलेलं वेचतात, जातात. त्यांना डबी हलवता येत नाही.

मग तो आला. काळा भुंगा. मधल्या केसरांना मिठी मारली, पंख मिटलेले, आणि घुंऽऽ. उडतानाच्या आवाजापेक्षा वरच्या सुरात, तुटक तुटक. फूल थरथरलं आणि भुंग्याच्या पोटाखाली पिवळी भुकटी उडाली. तो मधल्या केसरांचे पराग खायला झटकतो, तेवढ्यात खालचे मोठे केसर त्याच्या पाठीला, कुशीला पराग फासतात, जिथे त्याचे पाय पोचत नाहीत. तेच पुढच्या फुलाला जातात.

मोटारीचा माणूस, राहवलं नाही. घरून दाढीचा ट्रिमर आणला, चालू करून केसराला टेकवला. नुसत्या बोटाने हलवल्यावर काही पडलं नव्हतं. ट्रिमर लागताच टोकातून भुकटीची बारीक धार सुटली, ज्वारीच्या पिठासारखी. तीनदा करून बघितलं, तीनदा सुटली. बेअरिंग गेलेली मोटार हात लावला की अशीच थरथरते. आयुष्यभर मी ती थरथर दोष म्हणून शोधत आलो.

दोन तासांत भुंगे आले दोन. निळ्या पट्ट्यांची एक लहान माशीही तशीच झटकत होती. बाकी कुणी नाही. शेंगा कमी का, ते कळलं. गावात माळवदं किती उरली? मोजली तर आमच्या गल्लीत एकही नाही. भुंग्याने घर करायचं कुठे, सिमेंटात?

तुळया धुऱ्यावर आहेत. मी त्यांवर बसूनच हे बघत होतो.

९ मार्च २०२५

पलीकडच्या रानातून तणनाशक उडून आलं. वाऱ्यात मारलं, तेही दुपारी. ९ झुडपांची पानं वाकडीतिकडी होऊन वळली. विचारायला गेलो तर, तण समजून मारलं, धुऱ्यावर कुणी काही लावतं का? वाद वाढवला नाही, पाण्याची पाळी एकाच विहिरीवर आहे. वाळलेलं वरचं छाटलं.

२९ मे २०२५

यंदा पाऊस मे महिन्यातच. मार्चला छाटलेल्या नऊपैकी सातांना बुडातून फुटवा आला. एकूण ३३.

आणि धुऱ्याच्या खाली, बैलगाडीच्या जुन्या चाकोरीत, मुरमात, १७ रोपं. मी टोकलेली नाहीत. दगडांची चंद्रकोर नाही, पहारीचं भोक नाही. प्रत्येकाच्या बुडाला दोन कान. आईला नेऊन दाखवली. तिने वाकून बघितलं आणि काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे अशी बघितली की मला जानेवारी २०२३ आठवला.

२४ सप्टेंबर २०२५

तिसरी माळ. परवा घट बसले तेव्हापासून पाऊस. भूम-परंड्याकडे गावंच्या गावं पाण्यात, माणसं छपरावरून काढली. आमच्याकडे सोयाबीन उभं पाण्यात. अशात फुलांचं लिहावं का, असं वाटलं. पण आई पहाटे बॅटरी घेऊन धुऱ्यावर गेली होती. येताना ओच्यात भिजलेली फुलं, आणि म्हणाली, "वरच्या अंगाचा धुरा कोरडा हाय. खालचा सोडून दे."

खालच्या अंगाची किती जातील ते पाणी उतरल्यावर मोजू.

१२ ऑक्टोबर २०२५

खालची ४ गेली. वरची फुलांनी भरलेली. कोजागिरीला तुळजापूरला पायी गेलेली दोन-तीन माणसं परतीच्या वाटेत थांबली, फुलं मागितली नाहीत, बी मागितलं. शेंगा पिकायला अजून अवकाश आहे, पण मागच्या वर्षीचे दाणे डब्यात होते. आईने चार पुड्या बांधून दिल्या आणि प्रत्येकाला दगडावर घासून दाखवलं, कितपत घासायचं ते. "पिशवीत लावू नगा. पानी घालू नगा."

पूर्वेकडच्या तुळईखाली आज ताजा पिवळसर भुसा. वाकून बघितलं. जुन्या भोकाशेजारी नवं, गोल, करंगळी जाईल एवढं. आतून कुरकुर आवाज. कान लावून बराच वेळ ऐकला.

८० नंबरचा पॉलिश पेपर संपला, बाजारातून आणायचा आहे.